बँडमास्तर

वृद्धपणीं मनुष्यास आपल्या जुन्या चुका नातवंडांच्या तोंडून ऐकूं येतात, असा आमचा अनुभव आहे.

गेल्या दिवाळींत आमचा नातू अमरावतीहून शेंदूरजनाघाटास घरीं आला. महाविद्यालयाच्या एन. सी. सी. बँडांत त्यास घेतलें होतें, आणि पुढें बँडमास्तर व्हावें असें त्याच्या मनांत होतें. घरांतील सारीं माणसें आमच्या तोंडाकडे पाहूं लागलीं.

आम्हांस तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आठवली. याच्याच बापानें शाळेच्या बँडांत ढोल मागितला होता. त्याच शाळेंत आम्ही संस्कृत शिकवीत होतों. "वाजंत्र्यांचें काम आपल्या घरांत नको," असें म्हणून आम्हीं त्यास गप्प केलें. वृत्तांतील लघुगुरु मुलांस टाळी वाजवून शिकविणाऱ्या मास्तरास हें बोलणें शोभलें नाहीं, हें कळावयास निवृत्त व्हावें लागलें.

निवृत्तीनंतर मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांची हकीकत आमच्या वाचनांत आली. १८९८ सालीं आळंदीस जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, 'प्रभात'चे संगीतकार. अशा गवयास बँडाशीं काय कर्तव्य? परंतु २५ ऑगस्ट १९४८ रोजीं पंडित नेहरूंनीं घटनासमितींत सांगितलें कीं, राष्ट्रगीतांत चालीचें महत्त्व मोठें, ती बँडावर वाजतां आली पाहिजे, आणि 'वंदे मातरम्' त्या दृष्टीनें अवघड आहे. कृष्णराव नुसता वाद घालीत बसले नाहींत. झिंझोटींतील आपली चाल त्यांनीं मुंबईंतील एका इंग्रज बँडमास्तराच्या साह्यानें बँडाच्या स्वरलिपींत उतरविली आणि वाजवून दाखविली.

हें काम सोपें नव्हे. गवई एकटा असतो. त्याची तान त्याच्या मर्जीनें फिरते. बँडांत प्रत्येक वाद्याचा स्वर अगोदर लिहून द्यावा लागतो, आणि साऱ्यांचा डावा पाय एकाच ठोक्यावर पडावा लागतो. बँडमास्तर स्वतः वाजवीत नाहीं. इतरांकडून एक होऊन वाजवून घेतो. मास्तरकी याहून निराळी ती कोणती?

२४ जानेवारी १९५० रोजीं 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरलें, व 'वंदे मातरम्'ला समान मान मिळाला. कृष्णरावांचा हेतु पुरता सिद्धीस गेला नाहीं. परंतु 'बँडावर वाजत नाहीं' हें कारण त्यांनीं उरूं दिलें नाहीं.

आम्हीं सर्वांदेखत नातवास म्हटलें, "तुझ्या बापास आम्हीं अडविलें, ती आमची चूक. तूं जा; मात्र पदवी पुरी कर आणि स्वरलिपि नीट शीक." मुलगा दाराशीं उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं.

२६ जानेवारीस मृगाच्या संत्र्यांचा सौदा ठरावयाचा होता. तो तसाच टाकून मुलगा पहांटेच अमरावतीस संचलन पाहण्यास गेला. रात्रीं परत आला, पाय धुतले, आणि आमच्याजवळ बसून एवढेंच म्हणाला, "बाबा, त्याचा ठोका एकदांही चुकला नाहीं."