भरवशाचा मुक्काम

मुंबईत रोटला मिळतो, ओटला मिळत नाही, ही गुजराती वस्तीतून मराठीत रुळलेली म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने परगावाहून बोरीबंदरास उतरणाऱ्या मध्यम स्थितीच्या माणसाची सारी चिंता एका वाक्यात सांगून ठेवली आहे. कारण पोटाची सोय या शहरात कोठेही होते, परंतु पाठ टेकण्यास जागा हवी असली की येथील जमिनीचे मोल प्रत्येक खाटेच्या भाड्यात उतरलेले दिसते. आणि भाडे परवडले तरी चिंता संपत नाही. सामानाची, लेकराबाळांची आणि स्वतःच्या देहाची काळजी रात्रभर एका अनोळखी इसमावर सोपवून डोळा मिटावयाचा असतो. तो मिटावा, एवढ्यासाठी आपण पैसे मोजतो.

जुन्या मुंबईने हा भरवसा जामिनकीतून मिळविला. बोटीवरील नोकरीसाठी गोव्याहून आलेल्या खलाशांनी आणि आचाऱ्यांनी धोबीतलावाच्या परिसरात आपापल्या गावाच्या नावाने कूड, म्हणजे सामाईक मुक्कामाची जागा, स्थापन केली. प्रत्येक गावाची कूड निराळी, भाडे नाममात्र, आणि शिस्त मात्र कडक. भिंतीशी ओळीने लावलेल्या पेट्या, समोर वेदी, सायंकाळी सर्वांनी मिळून करावयाची जपमाळेची प्रार्थना आणि तिच्यानंतर पेटीशेजारी पसरलेली वळकटी, एवढाच तेथील संसार. तरीही महिनोन्‌महिने समुद्रावर जाणारा खलाशी आपली पेटी निर्धास्तपणे तेथे ठेवून जाई, कारण पेटीला हात लावणाऱ्याचे नाव गावातल्या चर्चच्या पायरीपर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही, हे त्याला ठाऊक असे. लालबाग-परळच्या चाळींतून कोकणातील आणि घाटावरील गावांनी घेतलेल्या गाळ्यांचे मर्म हेच होते. धर्मादायाचा वा गावकीचा आधार नसलेली, भाड्याने उतरावयाची जागाही प्रतिष्ठित असू शकते, याची साक्ष क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह देते. लोकमान्य मुंबईस आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच.

आज ज्याच्यामागे गावचा गाळा नाही, त्याने जामीन कोठे शोधावा? माझ्या मते, लॉजच्या मेजावरील नोंदवहीत. जो व्यवस्थापक ओळखपत्र पाहून नाव, गाव आणि येण्याचे कारण सावकाश लिहून घेतो, खोली आधी दाखवितो, मुक्काम चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा हे विचारण्यापूर्वी सांगतो आणि अनामतीची पावती न मागता हातात ठेवतो, त्याच्याकडील भिंतींचा रंग उडालेला असला तरी मी निश्चिंतपणे उतरतो. उलट संगमरवरी जिना चढून गेल्यावर ‘आधी पैसे भरा, खोली मग पाहा’ असे ऐकू आले, तर पिशवी उचलून परत फिरावे. १८६७ च्या सराई कायद्याने, सद्वर्तनाचा दाखला न आणणाऱ्या इसमाची सराईचालक म्हणून नोंदणी नाकारण्याचा अधिकार जिल्हा मॅजिस्ट्रेटास दिला होता. ज्याच्या छपराखाली परका माणूस निजणार, त्याची वर्तणूक आधी तपासली पाहिजे, हे त्या जुन्या सरकारलाही उमजले होते.

पण नोंदवही पाहण्याइतकी उसंत आणि खिशात तेवढे पैसे सर्वांपाशी नसतात. परळला १९४१ साली टाटा रुग्णालय उभे राहिले, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून रोगी तेथे येत आहेत. उपचार महिनोन्‌महिने चालतात, आणि लॉजचे भाडे पहिल्या काही दिवसांतच शिल्लक खाऊन टाकते. मग तपासण्यांच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी उशाशी घेऊन, रोग्यासह सारे कुटुंब रुग्णालयाबाहेरील पदपथावर निजलेले दिसते. गाडगेमहाराजांच्या नावाने चाललेली दादरची धर्मशाळा अशा रोग्यांना आणि त्यांच्या नातलगांना अल्प दरात आसरा देते. ते कार्य मोठे आहे, परंतु गरज त्याहून कितीतरी मोठी आहे. ओस पडलेल्या गावकीच्या गाळ्यांवर ज्यांचा हक्क आहे, ज्या विश्वस्तांच्या ताब्यात वर्षातील बहुतेक दिवस कुलूपबंद राहणाऱ्या खोल्या आहेत, त्यांनी नोंदवही ठेवावी, ओळख पटवून घ्यावी, नाममात्र भाडे आकारावे, पण पावसाळ्यापूर्वी त्या खोल्या या माणसांसाठी उघडाव्यात.