चार इमलीतले दोन दिवे

भोपाळला आलेल्या पाहुण्यास आपण मोठा तलाव दाखवतो, भोजपूरचे शिवमंदिर दाखवतो, भीमबेटक्याच्या गुहा दाखवतो. परंतु चार इमली दाखवावी असे कोणाच्याही मनात येत नाही. वास्तविक ही वसती पाहण्याजोगी आहे. १९५६ साली भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि शहराच्या दक्षिण अंगाला सरकारी वसाहती वाढत गेल्या. त्यांपैकी ही एक. नावात चिंचा चारच. पण झाडी इतकी दाट की दिवेलागणीनंतर रस्त्यावर उजेडापेक्षा सावल्याच अधिक दिसाव्यात. अधिकाऱ्यांचे बंगले, जवळच एकांत पार्क आणि सायंकाळी फिरावयास निघालेली वडीलधारी मंडळी, असे येथले शांत जीवन.

आमचे धाकटे बंधू सरकारी नोकरीत असल्याने त्यांचे बिऱ्हाड येथे आहे. आमच्या गल्लीत जागा नसल्यामुळे आमची जुनी टाटा सुमोही त्यांच्याच अंगणात उभी असते. १९९४ साली बाजारात आलेल्या या गाडीचे नाव सुमंत मुळगावकरांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २०१९ पासून ती बनणे बंद झाले. आमची मात्र अद्याप नागपूरची वारी करते.

गेल्या वर्षी अशाच एका वारीहून परतताना रात्र झाली. मुलताई, बैतूल मागे पडले, नर्मदा ओलांडली, आणि बुधनी सोडून जंगलातला चढ लागला. समोरून ट्रक येत होता म्हणून आम्ही दिवे डिपरवर घेतले. ट्रक गेला आणि अगदी पुढ्यात, डोक्यावर मोळी घेतलेला एक माणूस दिसला. गाडी थांबली तेव्हा त्याच्यात व आमच्यात दोन हातांचे अंतर होते. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते; तो सेकंद आम्हांस मिळाला, एवढेच. घरी पोहोचेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हणाला, “काका, हे पिवळे दिवे आता काढाच.” त्याने बाजारातून पांढरेशुभ्र एलईडी बल्ब आणले व जुन्याच दिव्यांत बसवले. अंगण दिवसासारखे उजळले. आम्हीही हरखलो.

तो हर्ष चार दिवस टिकला. एका सायंकाळी गाडी फाटकाकडे वळवीत असता समोरून आमच्या आत्या येत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. झोत डोळ्यांवर येताच त्या जागीच थबकल्या, चाचपडत बाजूला सरल्या आणि कडेच्या कठड्यावर बसल्या. आम्ही धावत गेलो तेव्हा म्हणाल्या, “अरे, तू होतास होय! मला वाटले, डोळेच गेले.” रागावल्या असत्या तर बरे झाले असते. आपल्या वाटेवर उजेड पाडताना दुसऱ्याच्या वाटेवर अंधार केला, हे त्या एका वाक्याने उमगले.

तेव्हा एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने समजावून दिले ते असे. हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती प्रकाश अडवते म्हणून झोत खाली राहतो. परावर्तक त्या तारेच्या नेमक्या जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागी न उमटल्यास तो वर व आजूबाजूस फाकतो. पुढच्याचे डोळे दिपतात आणि आपला दूरचा रस्ता उजळतोच असे नाही. मग त्याने मीटर लावला. इंजिन चालू असता बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट, बल्बपाशी जेमतेम बारा. “साहब, बत्ती में दोष नहीं है, उसे खाना ही नहीं मिल रहा,” तो हसून म्हणाला. दाब दहा टक्क्यांनी घटला तर हॅलोजनचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. म्हणजे आमच्या दिव्यांचा तिसरा हिस्सा वीस वर्षांच्या बारीक, गंजलेल्या तारांनी व जुन्या बटनाने गिळला होता!

त्याने दोन रिले बसवले, बॅटरीपासून फ्यूजसह जाड तारा नेल्या, गाडीच्या सांगाड्याशी जुळणारे टोक घासून स्वच्छ केले. चांदी उडालेले परावर्तक बदलले. बल्ब मात्र पूर्वीच्याच मापाचे, साठ-पंचावन्न वॅटचे. शंभर वॅटचे बल्ब त्याने हातही लावू दिले नाहीत. ते तारा तापवतात आणि समोरच्याला आंधळे करतात. शेवटी सपाट जागी, पाच मीटरवरच्या भिंतीसमोर गाडी उभी केली व डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे पाच सेंटीमीटर खाली आणली. डावीकडचा किंचित उंचावलेला भाग पाहून म्हणाला, “यह पैदल चलने वालों के लिए है.” आपण डावीकडून गाडी हाकतो, म्हणून डावी कड अधिक उजळायची, ही रचना दिव्यातच असते. आम्हांस ती एवढ्या वर्षांत दिसली नव्हती.

त्यानंतर पुन्हा त्याच रस्त्याने, त्याच जंगलातून रात्री आलो. दिवे पिवळसरच होते. पण डावीकडची कड दूरवर स्पष्ट दिसत होती. कडेने चालणारी दोन माणसे वेळीच दिसली आणि आम्ही गाडी आधीच हळू केली. त्यांना त्याची खबरही नसेल.

चार इमलीच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा आत्या फिरून परतत होत्या. आम्ही डिपर लावून थांबलो. त्या न अडखळता गाडीपुढून गेल्या आणि खिडकीशी येऊन एवढेच विचारले, “जेवलात का रे?”