रात्री कोण उठतं?

माझ्या पहिल्या अभ्यासाच्या अहवालात एक वाक्य आहे : ‘बहुसंख्य कौटुंबिक काळजीवाहकांवरील ताण सौम्य स्वरूपाचा आढळला.’ ते छापून आलं, परिषदेत मी ते पडद्यावर दाखवलं आणि पुढे काही वर्षं मनात त्याचा अभिमानही बाळगला. ते वाक्य चुकीचं आहे. आकडेमोड बरोबर होती, नमुन्याचा आकार पुरेसा होता, नैतिक समितीची परवानगी होती. तरीही ते चुकलं, आणि कसं चुकलं ते तपशिलात सांगितल्याशिवाय मला या विषयावर पुढे काही लिहावंसं वाटत नाही. या लेखातल्या घरांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मी वैद्यकीय समाजकार्यकर्ती. काम पुण्यात, अभ्यास सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या कर्करोगाच्या रुग्णांच्या घरांचा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांतून ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगून परत पाठवलेली ही माणसं. आजार बरा होणार नाही हे कळल्यावरही दुखणं, धाप, उलट्या, जखमेचा वास, भीती या सगळ्यावर उपचार चालूच ठेवायचे, ही पॅलिएटिव्ह केअर. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्या आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजकार्यकर्त्या आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या, म्हणून आमच्या क्षेत्रातल्या लोकांना त्या फार जवळच्या वाटतात. आपल्याकडे 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन उभं राहिलं, पुण्यात वारज्याला 1997 मध्ये सिप्लाचं केंद्र सुरू झालं. पण खाटा मोजक्या आणि माणसं अफाट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना या सेवेची गरज असते आणि त्यातल्या जेमतेम 14 टक्के लोकांना ती मिळते. बाकीच्यांचं घरातलंच कुणीतरी करतं. त्या कुणीतरीचा अभ्यास करायला मी निघाले होते.

माझ्या अर्जावर ‘मुख्य काळजीवाहकाचे नाव’ असा रकाना होता. घरी पोचलं की थोरला मुलगा पुढे यायचा. प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल, स्कॅनची मोठी पाकिटं, बिलं, सगळं त्याच्याकडे. किमो कधी झाली, कर्ज कुणाकडून काढलं, कुठल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, हे त्याला तोंडपाठ. तो खुर्ची द्यायचा, सही करायचा, उत्तरं द्यायचा. मी त्याचं नाव रकान्यात लिहायचे. चहा घेऊन येणाऱ्या सुनेचं नाव मी बहुतेक घरांत विचारलंसुद्धा नाही. नळीतून पेज घालणारी, अंथरूण बदलणारी, दोन-दोन तासांनी कूस बदलायला रात्री उठणारी तीच होती. मुलगा खोटं बोलत नव्हता. तो पैशाची आणि धावपळीची काळजी खरोखर वाहत होता. मी मात्र अंगमेहनतीचे आणि जागरणाचे प्रश्न रात्री झोपणाऱ्या माणसाला विचारत होते.

प्रश्नावली नामांकित होती. स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी ती तयार केली. तिचं आज सर्वाधिक वापरात असलेलं रूप 22 प्रश्नांचं, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, एकूण 88. तुम्हाला स्वतःसाठी वेळ उरतो का, ही जबाबदारी दुसऱ्या कुणी घ्यावी असं वाटतं का, अशा धर्तीचे प्रश्न. जिथे सून किंवा बायको उत्तर द्यायला बसली, तिथेही मी हे प्रश्न रुग्णाच्या खाटेशेजारी बसून विचारले. घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या खोलीत चूल आणि पोरं, म्हणजे बसायला तीच जागा. दुसऱ्या कुणी जबाबदारी घ्यावी असं वाटतं का, असं मी विचारलं की सून एकदा खाटेवरच्या आत्याबाईंकडे बघायची आणि म्हणायची, ‘नाही, तसं काही नाही.’ मी शून्य लिहायचे. त्याच शून्यांची बेरीज होऊन माझं ते वाक्य तयार झालं.

हे मला त्या वेळीच कळू शकलं असतं. एका घरातून निघाले तेव्हा तिथली सून मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. सासूला गालाचा कर्करोग, आयुष्यभर मिश्री लावलेली. जखम बाहेरून फुटली होती. वाटेत ती म्हणाली, ‘ताई, मला जेवणच जात नाही. भाकरी तोंडाशी नेली की तो वास येतो. पण हे म्हणायचं कुणापुढं?’ शिलाईकाम बंद केलं होतं, कारण ब्लाउज शिवायला टाकायला येणाऱ्या बायका दारातूनच परत जायला लागल्या होत्या. थांबा येईपर्यंत ती बोलत राहिली, आणि मघाच्या 22 उत्तरांतल्या एकाशीही यातलं काही जुळत नव्हतं. मी काय केलं? अर्ज भरून झाला होता, मुलाखत संपली होती, म्हणून ते बोलणं मी कुठेच नोंदवलं नाही. त्याहून वाईट म्हणजे, अशा जखमेवर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड टाकली की वास बराच कमी होतो हे मला ठाऊक होतं. पॅलिएटिव्ह केअरच्या कुठल्याही परिचारिकेला ते ठाऊक असतं. मी ते तिला सांगितलं नाही, आणि त्यासाठी कुणा परिचारिकेला फोनही केला नाही. मी निरीक्षण करायला आले आहे, सल्ला दिला की पुढची उत्तरं बदलतील, असं मला शिकवलेलं होतं, आणि त्या शिकवणुकीआड उभं राहणं मला सोयीचं गेलं.

याच शिकवणुकीपायी दुसऱ्या एका घरात जे घडलं ते मला अजून सोसत नाही.

तिथे सत्तरीच्या आजोबांच्या मणक्यात कर्करोग पसरला होता आणि त्यांचं सगळं आजीच करत होत्या. मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी द्यायला सांगितलेल्या. त्या गोळीचा असर चार तासच टिकतो. दुखणं उसळायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे गोळी द्यायची, ही त्या उपचाराची मूळ पद्धत. आजी फक्त रात्री एक गोळी द्यायच्या. दिवसभर आजोबा उशीचा कोपरा दातात धरून पडलेले मी पाहिले. माझ्या तक्त्यात गोळ्या कमी देण्याच्या कारणांसाठी काही पर्याय आधीच छापलेले होते. मी ‘व्यसनाची भीती’ यावर खूण केली. परदेशी आणि भारतीय लेखांत हेच कारण पुन्हा पुन्हा वाचलं होतं, त्यामुळे विचारायची गरजच वाटली नाही. पुढच्या भेटीतही तेच दृश्य, तीच खूण.

आजोबा गेल्यानंतर, पुष्कळ उशिराने, मी आजींना भेटले तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, ‘गोळ्या संपल्या की पोराला पुण्याला जावं लागायचं. त्याचा खाडा पडायचा. म्हणून पुरवून पुरवून देत होते.’ व्यसनाचा विचार त्यांच्या मनाला शिवलेलाही नव्हता. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळणं अतिशय अवघड करून ठेवलं. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांचा गुंता कमी केला, पण कागदावरची सवलत तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत पोचलेली नाही. गोळ्या मिळायच्या त्या मान्यताप्राप्त संस्थांतच. हे सगळं मला पाठ होतं, माझ्या प्रस्तावाच्या प्रास्ताविकात लिहिलेलंही होतं. तरी त्या घरात बसून कायद्याचा आणि कमी दिलेल्या गोळ्यांचा संबंध मला लावता आला नाही. डॉक्टरांना एक फोन करून जास्त दिवसांच्या गोळ्या देता येतील का, एवढं विचारलं असतं, तर त्या माणसाचे शेवटचे दिवस वेगळे गेले असते. गोळ्या फडताळातल्या डब्यात शिल्लक होत्या. मी कशात हस्तक्षेप करायला घाबरत होते, याचं धड उत्तर मला देता येत नाही.

आणि त्या आजी! दाराची चौकट धरून उभ्या राहायच्या, ते मी पाहिलं होतं. रक्तदाबाची गोळी त्यांनी बंद केली होती, हे शेजारणीकडून कळलं तेही नंतर. शुल्झ आणि बीच या अमेरिकी संशोधकांचा 1999 चा अभ्यास माझ्या प्रस्तावात पहिल्याच पानावर होता : जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त आढळलं होतं. तो आकडा मी अनुदान मिळवायला वापरला आणि समोरच्या बाईला ‘तुमची औषधं चालू आहेत का?’ एवढंही विचारलं नाही.

रुग्ण गेला की माझ्या तक्त्यात ‘पाठपुरावा बंद’ अशी नोंद व्हायची. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती गळती. मिश्रीवाल्या आजीबाईंच्या सुनेचा मला निरोप आला, ‘आत्याबाई गेल्या. तुम्ही परत येणार होता ना?’ मी सांत्वनाचे दोन शब्द पाठवले. गेले नाही. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, खाट बाहेर काढतात आणि इतके महिने रात्री उठणाऱ्या बाईला झोप येत नाही, हे मला पुढे इतर घरांत दिसलं. तिच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो ती नवऱ्याला विचारत नाही : शेवटची गोळी मी दिली, तिनंच गेल्या का? डॉक्टरांनी दुखण्याच्या प्रमाणात ठरवून दिलेल्या मात्रेने मृत्यू ओढवत नाही, हे कुणीतरी तिच्या घरी जाऊन, समोर बसून सांगायला हवं. माझ्या अभ्यासात त्या भेटीसाठी जागाच नव्हती.

संस्थेला पत्र लिहून मी अहवालाला पुरवणी जोडली आणि त्यात ते वाक्य मागे घेतलं. पुरवणी फारशी कुणी वाचत नाही. मूळ वाक्य अजूनही इतरांच्या लेखांत संदर्भ म्हणून भेटतं.

नंतरच्या कामात मी इंग्लंडमधल्या गेल युइंग आणि गुन ग्रांड यांनी विकसित केलेल्या साधनाचा आधार घेतला. त्यात ताण मोजत नाहीत. 14 बाबींपैकी कशात मदत हवी ते काळजी घेणाऱ्यालाच सांगू देतात : औषधं देणं, पुढे काय होईल याची कल्पना, रात्रीची विश्रांती, स्वतःची तब्येत. दुसरं शिकले ते केरळच्या कामाकडे बघून. 1993 मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटीतून पुढे शेजारपाजारच्या प्रशिक्षित स्वयंसेवकांचं जाळं तयार झालं आणि 2008 मध्ये राज्य सरकारने त्यासाठी धोरण केलं. तिथे घरी जाणारा माणूस प्रश्न विचारून परत फिरत नाही, कारण तो काहीतरी करायलाच गेलेला असतो.

आता मी परिचारिकेबरोबर जाते. ती रुग्णाची जखम बघते तेव्हा मी मागच्या दारी, भांड्यांपाशी बसते. पहिला प्रश्न एकच, ‘रात्री कोण उठतं?’ उत्तरात ज्या बाईचं नाव येतं, तिचं नाव रकान्यात जातं. मुलाशीही बोलते, पण वेगळं. जे ऐकते त्यातलं ज्यावर तिथल्या तिथे उपाय आहे ते परिचारिका करते, आणि त्यामुळे माझी उत्तरं बदलतात हे मी अहवालात लिहून टाकते. रुग्ण गेल्यावर पुन्हा जाते. पद्धतशीर संशोधनात हे बसत नाही असं म्हणणारे सहकारी आहेत. ते प्रामाणिक आहेत, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. मदत हातात असताना ती लपवून मिळवलेली उत्तरं जास्त खरी असतात, असं मला कुठेही दिसलं नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येते ती एकच मागणी : आठवड्यातून एक रात्र कुणीतरी बसावं, मला झोपू द्यावं. ज्या तालुक्यांत मी फिरते तिथे अशी सोय मला कुठेच सापडलेली नाही. नव्या अभ्यासाच्या अंदाजपत्रकात मी रात्री बसणाऱ्या प्रशिक्षित बायकांचं मानधन घातलं. हा संशोधनाचा खर्च नाही, असा शेरा मारून ती रक्कम वगळण्यात आली. मी तो प्रस्ताव कारणं जोडून पुन्हा पाठवला आहे, रक्कम तेवढीच ठेवून.