चार्जची वही

येत्या जानेवारीत मी तीन आठवड्यांसाठी कंबोडियाला जात आहे. सिएम रीप शहराबाहेरच्या एका खेड्यात गावकऱ्यांनीच चालवलेला वर्ग आहे. तेथील मुलांना इंग्रजी शिकवण्यास हातभार लावायचा, असे कामाचे स्वरूप. उभी हयात बँकेत हिशेब तपासण्यात गेलेल्या वाणिज्य शाखेच्या माणसाने हे उतारवयात का आरंभावे, असे आप्तेष्ट विचारतात. मला मात्र त्याहून अवघड प्रश्न पडला होता : या तीन आठवड्यांत मुलांचे काही भले होईल, की केवळ माझी हौस फिटेल?

कंबोडियाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच गंभीर ठरतो. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने तेथील शाळा बंद पाडल्या आणि असंख्य शिक्षक व सुशिक्षित माणसे मारली. चलनच रद्द केले. राजधानी नॉम पेन्हमधील मध्यवर्ती बँकेची इमारत स्फोटाने उडवून दिली. रिएल हे चलन १९८० मध्ये पुन्हा सुरू झाले. शिक्षकांची पोकळी भरून निघणे मात्र तितके सोपे नव्हते. आज अंगकोरची मंदिरे पाहण्यास जगभरातून प्रवासी येतात, आणि ज्या तरुणाला इंग्रजी येते त्याला हॉटेलात किंवा वाटाड्या म्हणून काम मिळते. तेथे इंग्रजी ही पोटाची भाषा आहे. सरकारी शाळा बहुधा दोन पाळ्यांत भरतात. उरलेल्या अर्ध्या दिवसात मुले अशा वर्गांना येतात.

तयारीतला पहिला निर्णय होता तो कोठे जायचे नाही याचा. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर त्या देशात अनाथालये वाढली. त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, असे युनिसेफच्या सहकार्याने झालेल्या पाहणीत आढळले. म्हणून निवासी संस्था टाळली आणि जेथून मुले सायंकाळी आपापल्या घरी जातात, असा वर्ग निवडला. त्यांनी माझ्याकडे पोलीस पडताळणीचा दाखला मागितला. तो आपल्याकडे पारपत्र कार्यालयातून मिळतो. मागणी ऐकून बरे वाटले. जी संस्था अनोळखी माणसाला चौकशीवाचून मुलांत सोडते, तिच्याकडे आपण जाऊ नये.

दुसरी तयारी भाषेची. ख्मेर भाषेत शिक्षकाला ‘क्रू’ म्हणतात आणि शाळेला ‘साला’. गुरू आणि शाला हे आपलेच शब्द जणू प्रवासात थोडे झिजून पोहोचले. त्यांच्या मुळाक्षरांचा क्रमही ‘क’पासून, वर्गवारीने आहे. सांबोर येथे सापडलेल्या एका शिलालेखात शके ६०५, म्हणजे इसवी सन ६८३, असे वर्ष कोरले असून त्यातील शून्य एका बिंदूने दाखवले आहे. आकड्यांत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला याचे अप्रूप वाटले. त्यांची मोजणीही वेगळीच : सहाला ‘पाच-एक’, साताला ‘पाच-दोन’ म्हणतात.

हा अभ्यास केवळ कुतूहलाचा नव्हे. ख्मेरमध्ये काळानुसार क्रियापदाचे रूप बदलत नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. त्यामुळे एखादे मूल ‘टू बुक’ म्हणाले, तर तो त्याचा निष्काळजीपणा नसून त्याच्या मातृभाषेचा नियम आहे, हे मला आधीच ठाऊक असेल. आणखी एक धडा हाताला द्यावा लागला. आपण कौतुकाने मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतो. तेथे मस्तक पवित्र मानतात, म्हणून तसे करायचे नाही. हात जोडून नमस्कार मात्र दोन्हीकडे सारखाच.

शिकवणे म्हणजे काय हे पाहण्यासाठी दोन महिने घराजवळच्या महापालिका शाळेत, परवानगी घेऊन, मागच्या बाकावर बसलो. तेथील बाईंनी ‘गिव्ह मी द चॉक’ हे वाक्य एकदाच म्हटले. पुढची दहा मिनिटे मुलेच एकमेकांकडे खडू, डबा, पट्टी मागत होती. बोलणारा गप्प झाला की शिकणारा बोलू लागतो, हे मी तेथे पाहिले.

सर्वांत मोलाचे मार्गदर्शन कंबोडियातील शिक्षिकेच्या पत्रातून मिळाले. तिने लिहिले होते की, येणारा प्रत्येक पाहुणा रंग आणि प्राणी यांपासूनच सुरुवात करतो. मुलांना आता रंग पाठ आहेत, पण पुढची वाक्ये कोणी शिकवत नाही. पत्र वाचून मला बँकेतल्या बदल्या आठवल्या. शाखेतून जाणारा अधिकारी नव्याला चार्ज देई : अमुक कर्जखाते कोठवर आले, कोणता कागद बाकी आहे, कोणाला काय शब्द दिला आहे. त्यामुळे माणूस बदलला तरी खातेदाराला पहिल्यापासून सारे सांगावे लागत नसे. मुलांच्या वाट्याला एवढीही व्यवस्था का नसावी?

म्हणून तिलाच विचारून कार्यक्रम ठरवला आहे. वर्ग तीच घेईल, मी साहाय्यक. मुले घरी गेल्यावर रोज एक तास तिच्याशी इंग्रजीत संभाषण करीन, कारण मी परतल्यावरही ती तेथेच असणार आहे. आणि एक वही ठेवीन : कोणता गट कोणत्या वाक्यापर्यंत पोहोचला, कोणाला काय अडते, पुढे काय घ्यावे. ती वही वर्गातच राहील.

बाकी सामान थोडे. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ‘ए’ची लस घेतली, व्हिसा कोणत्या प्रकारचा हवा ते विचारून घेतले. तेथील अनेक पदार्थांत ‘प्राहोक’ हा माशांचा आंबवलेला लगदा असतो; त्यामुळे सौभाग्यवतींनी मूगडाळ, मेतकूट आणि लहानसा कुकर आधीच बांधून ठेवला आहे. भेटवस्तू नेऊ नयेत, असे शिक्षिकेने कळवले आहे. मुलांना पाहुण्यांकडे हात पसरण्याची सवय लागते.

आपल्यापैकी अनेकांना निवृत्तीनंतर असे काही करावेसे वाटते. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, तिकीट काढण्यापूर्वी तेथील शिक्षकाला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : माझ्या आधीच्याने काय शिकवले, आणि माझ्यानंतर कोण शिकवणार आहे?