रक्ताचे उपकार फेडायचे कोणाला?

गेल्या पावसाळ्यात तळवली गावठाणातले एक दादा पेढे घेऊन दवाखान्यात आले. बाळंतपणात त्यांच्या बायकोला खूप रक्तस्राव झाला होता. तीन पिशव्या रक्त चढवावं लागलं. आता माय-लेक दोघंही सुखरूप. "डॉक्टर, तुम्ही वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवलंत. तुमचे उपकार कसे फेडू?"

मी म्हटलं, "दादा, उपकार माझे नाहीत. ज्या तिघांनी रक्त दिलं, त्यांचे आहेत."

"पण पिशव्यांचे पैसे भरले की आपण!"

हा गैरसमज तुमच्यापैकी अनेकांचा असेल. आपल्याकडे रक्त विकायला कायद्याने बंदी आहे. पैसे घेऊन रक्त देणं १ जानेवारी १९९८ पासून बंद झालं. रक्तपेढी जे शुल्क घेते, ते एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, मलेरिया यांच्या तपासण्यांचं आणि साठवणुकीचं. रक्ताची किंमत त्यात नसतेच. ते कोणीतरी फुकट दिलेलं असतं. पिशवीवर नंबर असतो, नाव नसतं. मग परतफेड करायची कोणाला?

दादांनी सहज विचारलं, "तुम्ही शेवटचं कधी दिलंत, डॉक्टर?"

मी गप्प झालो. कॉलेजात असताना नियमित द्यायचो. पुढे प्रॅक्टिस वाढली आणि राहूनच गेलं. माझ्या आईच्या ऑपरेशनला दोन पिशव्या लागल्या होत्या. त्या देणाऱ्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही. इतरांना सल्ला देणारा मी स्वतःच थकबाकीदार होतो.

हे देणं किती खरं असतं, ते 'बॉम्बे' रक्तगटाच्या लोकांना विचारा. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट शोधला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण या व्यक्तींना 'ओ' रक्तही चालत नाही. जिवावर बेतू शकतं. त्यांना फक्त त्यांच्याच गटाचं रक्त लागतं. म्हणून फोन आला की ही माणसं अनोळखी रुग्णासाठी दुसऱ्या गावीही जातात. आज आपण गेलो नाही, तर उद्या आपल्यासाठी कोण येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

तसं पाहिलं तर आपली सगळ्यांचीच गत तीच आहे. रक्त कारखान्यात बनत नाही. लाल पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स फक्त ५ दिवस. दिवाळीत आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी. तेव्हा रक्तपेढ्यांत टंचाई होते. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्यांना सुट्टी नसते.

तुमचं वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ असेल, तर तुम्ही रक्त देऊ शकता. पुरुषांनी तीन महिन्यांनी, स्त्रियांनी चार महिन्यांनी. पहिल्यांदा देणार असाल तर वय ६० च्या आत हवं. मधुमेह, रक्तदाब किंवा कसली औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एका वेळी सहसा ३५० मिलिलिटर घेतात. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, पेशी काही आठवड्यांत. अशक्तपणा कायमचा येत नाही.

पुढच्याच रविवारी दादा आणि मी शिबिरात शेजारी-शेजारी पडलो होतो. आमचं रक्त कोणाला गेलं, माहीत नाही. फेडण्याची हीच एक रीत आहे: ज्याने दिलं त्याला नाही, ज्याला लागेल त्याला.