कळ अंगावर काढू नका

आज पुन्हा गावात तेच ऐकलं, 'पित्त असेल, सोडा घेऊन बघ.' आमच्या उसाच्या पट्ट्यात छातीतली कळ सर्रास अंगावर काढतात. तोड आली असेल तर विचारूच नका. ती कळ हृदयाचीही असू शकते, याची मला फार काळजी वाटते.

हृदयरोगतज्ज्ञ व्हायला साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, मग तीन वर्षं एमडी, पुन्हा तीन वर्षं डीएम. एवढं शिकून कुणी पुण्यात न थांबता बारामतीत किंवा इंदापुरात बसतो, तो निर्णय मला पदवीहून मोठा वाटतो. कारण हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटागणिक स्नायू मरत जातो आणि इंदापूरहून पुणे सव्वाशे किलोमीटरच्या वर, बारामती पन्नासच्या आसपास. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी १९७७ मध्ये झुरिकला फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी उघडणारी पहिली अँजिओप्लास्टी केली. पण तो फुगा वेळेत मिळणार नसेल, तर ईसीजी पाहून, धोका नसल्यास, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच देतात आणि मग पुढे हलवतात. आपल्या भागात खरा जीव वाचतो तो या क्रमामुळे.

मधुमेहींना, बायकांना कित्येकदा छातीत दुखतही नाही. नुसता दम, घाम, मळमळ, नाहीतर जबडा दुखणं. बायका तेवढ्यावरही धारा काढतात, भाकऱ्या थापतात. त्यांच्याकडे घरच्यांनीच लक्ष द्यायला हवं.

एवढी विनंती आहे, अशा माणसाला मोटारसायकलवर बसवू नका. १०८ला फोन करा आणि पहिला ईसीजी जवळात जवळ काढून घ्या.