न वाचलेली ओळ

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकातील वायरलेस कार्डाविषयी लिहावे, यात थोडा अनधिकार आहे याची मला जाणीव आहे. संगणकाशी माझा संबंध टंकलेखन, पीडीएफ आणि विद्यापीठाकडे वेळोवेळी पाठवायची माहिती एवढ्यापुरताच. परंतु गेल्या हिवाळ्यात एका जुन्या लॅपटॉपसमोर माझे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत यंत्राविषयी मी जे शिकलो त्याहून अधिक माझ्या स्वतःच्या व्यवसायाविषयी, म्हणजे वाचण्याविषयी आणि वाचायला शिकवण्याविषयी शिकलो. ते नोंदवून ठेवावे असे वाटते.

प्रसंग तसा साधा आहे. वैजापूरच्या आमच्या महाविद्यालयात मराठी विभागाच्या वाट्याला आलेले दोन लॅपटॉप कपाटात पडून होते. दहा-बारा वर्षांपूर्वीचे. त्यांच्यावर असलेल्या विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि पुढची आवृत्ती इतक्या जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. पडदा, कळफलक, बॅटरी, सारे कामापुरते शाबूत असूनही ही यंत्रे निर्लेखनाच्या यादीत गेली होती. त्याच सुमारास एम.ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी महदंबेच्या धवळ्यांवर लघुप्रबंध लिहीत होती. जलद कालव्याच्या बाजूच्या एका गावाहून ती एस.टी.ने येते. प्रबंधाचे पहिले प्रकरण तिने मोबाइलवर, अंगठ्याने टंकित केले होते. तळटीपा देता येत नाहीत म्हणून त्या वहीत वेगळ्या लिहून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक टीपेपुढे ओळीचा क्रमांक घातला होता. मजकुरात एक ओळ वाढली की सगळे क्रमांक चुकत. प्रबंध सादर करायला पाच आठवडे उरले होते. मी कार्यालयातून त्यांपैकी एक लॅपटॉप मागून घेतला. ‘सोमवारपर्यंत चालला तर ठेवा, नाहीतर यादीत जाऊ द्या,’ असे लिपिक म्हणाले.

जुन्या यंत्रांवर लिनक्स चालते, एवढे ऐकून ठाऊक होते. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहायला घेतला. पण त्यामागचा विचार त्याच्या आधीचा, रिचर्ड स्टॉलमन यांचा आहे. त्याची सुरुवात एका छपाईयंत्रापासून झाली असे ते सांगत आले आहेत. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने दिलेले एक लेझर छपाईयंत्र होते. त्यात कागद अडके. अडकला की सर्वांना तसा निरोप जावा, एवढी सुधारणा स्टॉलमन यांना त्याच्या आज्ञावलीत करायची होती. पण आज्ञावलीचा मूळ मजकूर त्यांना मिळाला नाही. ज्याच्यापाशी तो होता त्याने तो कुणाला न देण्याचे वचन देऊन ठेवले होते. १९८३ साली स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, ती आज्ञावली वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येकाला असावा म्हणून. इंग्रजीत या चळवळीला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फुकट’ असाही होतो. त्यामुळे आपल्याला ‘फुकट’ म्हणायचे नाही, हे त्यांना आयुष्यभर समजावून सांगावे लागले. मराठीत ही अडचण नाही. आपल्याकडे ‘मोफत’ वेगळे आणि ‘मुक्त’ वेगळे.

असो. पहिल्या संध्याकाळी घरी पेनड्राइव्हवरून मी डेबियन १२ ही प्रणाली त्या लॅपटॉपवर चढवली. भाषा विचारली तेव्हा मराठी निवडली. अर्ध्या-पाऊण तासात पडदा उजळला आणि त्यावर देवनागरी अक्षरे दिसली. मी आधी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द लिहून पाहिले. पहिल्यातला रफार डोक्यावर बसला, दुसऱ्यातला अर्धा र त्याच्या जागी वळला. वीस वर्षांपूर्वी एवढ्यासाठी टंकलेखकाशी भांडावे लागे. मला आनंद झाला. पण कोपऱ्यात जिथे वायफायचे चिन्ह असायला हवे, तिथे काही नव्हते. यंत्राला आपल्या पोटातले कार्ड जणू ठाऊकच नव्हते.

मग मी जे केले ते लिहिताना संकोच वाटतो. मोबाइलवर शोध घेतला. ज्यांचे वायफाय चालत नव्हते अशा असंख्य लोकांना दिलेली असंख्य उत्तरे समोर आली. त्यांतली एकेक आज्ञा पाहून मी लॅपटॉपवर उतरवत गेलो. पहिली चालली नाही म्हणून दुसरी, दुसरी चालली नाही म्हणून तिसरी. कोणती आज्ञा कोणत्या कार्डासाठी आहे, ती नेमके काय करते, हे मी पाहिले नाही. त्यांतल्या एका आज्ञेने एक विशिष्ट चालक प्रणालीच्या बहिष्कृत यादीत टाकला. चालक म्हणजे प्रणाली आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. माझ्या कार्डाला नेमका तोच हवा होता, हे मला ठाऊक नव्हते. दुसरी संध्याकाळही अशीच गेली. त्या रात्री यंत्राची स्थिती पहिल्या रात्रीपेक्षा वाईट होती, आणि ती मीच केली होती.

तिसऱ्या दिवशी लॅपटॉप विभागात आणला. दुपारचे तास संपल्यावर विद्यार्थिनी शेजारी बसली. मी दोन दिवसांत काय काय केले ते तिला दाखवले. टर्मिनलमध्ये आधी दिलेल्या आज्ञा वरच्या बाणाच्या कळीने एकेक परत येतात. एका आज्ञेवर तिने विचारले,

“सर, ही ओळ कशासाठी लिहिली?”

“तिथे लिहिलं होतं म्हणून.”

ती काही बोलली नाही. पण माझे उत्तर माझ्याच कानांना ओळखीचे वाटले. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांच्या समासात मी लाल शाईने ‘गाईडमधील वाक्य’ असे लिहीत आलो आहे. ‘ही कविता अस्तित्ववादी जाणिवेची आहे’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात उभे करून विचारतो, कोणत्या ओळीवरून म्हणतोस? त्याच्याजवळ उत्तर नसते, कारण त्याने कविता वाचलेली नसते, उत्तर वाचलेले असते. दोन संध्याकाळी मीही तेच करत होतो. मी यंत्राला काय झाले आहे हे एकदाही वाचले नव्हते.

महदाइसा लीळाचरित्रात प्रश्न विचारणारी म्हणूनच लक्षात राहते. चक्रधरांना ती पुन्हा पुन्हा पुसते, आणि तिच्या पुसण्यामुळे पुष्कळसे निरूपण झालेले आहे. तिच्यावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीने मला हा प्रश्न विचारावा, यातले औचित्य मला त्या क्षणी सुचले नाही. तेव्हा फक्त ओशाळलो.

आम्ही मी लिहिलेल्या ओळी एकेक करून काढल्या. यंत्र पुन्हा सुरू केले. सुरू होताना प्रणालीचा गाभा एक रोजनामा लिहीत असतो. कोणते यंत्रभाग सापडले, कोणते चालू झाले, कुठे अडले, हे सारे त्यात क्रमाने येते. ‘डीमेसेज’ अशी आज्ञा दिली की तो समोर उलगडतो. शेकडो ओळी होत्या. तिने वायरलेस कार्डापाशी थांबून एकेक शब्द उच्चारत वाचले. ओळीचा आशय असा, की फर्मवेअरची अमुक नावाची फाइल सापडली नाही. आणि त्याखालची ओळ याहून स्पष्ट होती. तुम्ही अमुक पानावर जाऊन या चालकासाठी योग्य ते फर्मवेअर उतरवून घेतले पाहिजे, असे पत्त्यासह लिहिले होते. म्हणजे पहिल्या संध्याकाळी, माझी पहिली आज्ञा उमटण्यापूर्वीच, काय हवे आहे आणि कुठे मिळेल हे यंत्राने सांगून ठेवले होते. मी ते उघडलेच नव्हते.

फर्मवेअर म्हणजे काय, हे मग समजून घेतले. वायरलेस कार्डावर स्वतःचा एक लहान प्रक्रियक असतो. त्याने काय करायचे याच्या सूचना कार्डात कायमच्या कोरलेल्या असतातच असे नाही. अनेक कार्डांना त्या प्रत्येक वेळी संगणकाकडून नव्याने द्याव्या लागतात. या सूचना कार्ड बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेल्या असतात आणि त्यांचा मूळ मजकूर ती दाखवत नाही. डेबियनच्या मंडळींनी १९९७ सालीच आपल्या वापरकर्त्यांशी एक ‘सामाजिक करार’ लिहून ठेवला, की आमची प्रणाली संपूर्णतः मुक्त राहील. म्हणून पुष्कळ वर्षे अशी बंद फर्मवेअरे त्यांच्या मूळ संचात नसत. अखेर २०२२ साली त्यांनी मतदान घेतले आणि २०२३ साली आलेल्या आवृत्ती १२ पासून ती संचात घेतली. लोकांची यंत्रेच चालत नसतील तर तत्त्व कुणासाठी, असा त्यातला विचार. पण माझ्या कार्डाचे फर्मवेअर त्यातही नव्हते. ते इतरांनी वाटावे अशी परवानगी कंपनीने दिलेली नव्हती.

मग चालक तरी आला कुठून? ही गोष्ट मला फार आवडली. या कंपनीने आपल्या कार्डांची अंतर्गत माहिती दिली नाही, तेव्हा काही स्वयंसेवकांनी ती शोधून काढली. त्यांनी आपले दोन गट केले. एका गटाने कंपनीचा बंद चालक न्याहाळून कार्ड कसे वागते याचे वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने मूळ चालकाकडे न पाहता केवळ त्या वर्णनावरून नवा चालक लिहिला, म्हणजे उचलेगिरीचा आरोप येऊ नये. जून २००६ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. पाठचिकित्सा शिकवणाऱ्याला यातली शिस्त लगेच ओळखू येते.

आणि आपल्याला आठवते ती सकळ लिपी. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह. त्यामुळे मराठीतले आद्य गद्य शतकानुशतके पंथाबाहेरच्या मराठी माणसाला बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांनी या लिपीची उकल केली आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. हे साम्य मी फार ताणणार नाही. पंथाने लिपी झाकली ती ग्रंथ जपण्यासाठी. त्यांनी पोथ्यांच्या नकला केल्या, किल्ली पिढ्यानपिढ्या सांभाळली. माझ्या कार्डाच्या कंपनीला ते जपण्याचे कारण उरलेले नाही. किल्ली तिच्याकडेच राहिली आणि वस्तू निर्लेखनाच्या यादीत आली.

यात माझे स्वतःचे एक दुःखही आहे. माझा एम.फिल.चा प्रबंध मी २००५ साली एका खाजगी फाँटमध्ये टंकित करून घेतला होता. तेव्हा प्रत्येक फाँटची अक्षरयोजना निराळी असे. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. त्या दुपारी सहज म्हणून मी ती जुनी फाइल या लॅपटॉपवर उघडली. दोनशे पानांवर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा कचरा पसरला होता. फाँट गेला, तशी किल्ली गेली. छापील प्रत कपाटात आहे म्हणून प्रबंध आहे, एवढेच. सकळ लिपीसाठी राजवाडे मिळाले. माझ्या प्रबंधासाठी मलाच बसावे लागेल.

तेव्हा फर्मवेअर उतरवून घ्यायचे होते, आणि त्यासाठी इंटरनेट हवे होते, जे नव्हते म्हणूनच सारा खटाटोप. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली ही गत. मी पेनड्राइव्ह, कार्यालयातला संगणक असा विचार करत होतो. तिने पिशवीतून चार्जिंगची केबल काढली.

“सर, माझ्या मोबाइलवर नेट आहे. केबलनं जोडून बघू का?”

मोबाइल जोडताच लॅपटॉपने तो ओळखला. भांडारांच्या यादीत एक शब्द वाढवावा लागला, मग एकच आज्ञा. ती देण्याआधी आम्ही तिचा प्रत्येक शब्द वाचला. ती आज्ञा कंपनीचा जुना चालक उतरवून घेते, त्यातून फर्मवेअरचा भाग कापून काढते आणि योग्य जागी ठेवते. वाटण्याची परवानगी नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्या यंत्रावर हे कापण्याचे काम करायचे. एक-दोन मिनिटे ओळी सरकत राहिल्या. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर कोपऱ्यात चिन्ह आले आणि त्याखाली आजूबाजूच्या जोडण्यांची नावे. आमच्या कार्यालयाचे नाव सर्वांत वर होते.

गाडीची वेळ झाली होती. मी साठा नोंदवहीत लॅपटॉप तिच्या नावे लिहिला, सहीसाठी वही पुढे केली. सोमवारी लिपिकांना एकच लॅपटॉप यादीत ठेवायला सांगितले. नंतर वाटले, तोही का द्यावा. तो आता माझ्या टेबलावर आहे आणि त्याचे कार्ड निराळे आहे. रोजनामा आधी उघडायचा, एवढे आता कळले आहे.

तिचा लघुप्रबंध मुदतीत आला. तळटीपा पानाच्या तळाशी होत्या आणि क्रमांक बरोबर होते. वाचताना दुसऱ्या प्रकरणात एक वाक्य आढळले, जे तिचे नव्हते, कुठून तरी आलेले होते. सवयीने लाल पेन उचलले. ‘गाईडमधील’ असे लिहिणार होतो. ते न लिहिता समासात एवढेच लिहिले : ही ओळ कशासाठी लिहिली?